चष्म्यासकट पसंत

चष्म्याच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाईने चष्मा लावलेला नसला तरी ती चष्मेवाली आहे की नाही, हे मी शंभर पावलांवरून ओळखतो. बसचा बोर्ड वाचताना डोळे किती बारीक करते, नाकाच्या दोन्ही बाजूंना पुसट वळ आहेत का, बोलता बोलता नसलेला चष्मा बोटाने वर सरकवते का, एवढं बघितलं की झालं. दोन मिनिटं जास्त मिळाली तर नंबरही सांगतो. ही विद्या मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. ती मला कवडूभाऊंच्या लायब्ररीने दिली.

नागपुरात सक्करदऱ्याला ही लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, एक शटर, तीन भिंतींना लाकडी फळ्या आणि मधोमध स्टुलावर कवडूभाऊ. साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद. मी नुकताच सिंचन खात्यात कारकून म्हणून लागलो होतो आणि ऑफिस सुटलं की माझी सायकल आपोआप तिकडे वळायची. बाकीची पोरं रहस्यकथा न्यायची. मी प्रेमाच्या कादंबऱ्या न्यायचो. त्याही सगळ्या नाही, फक्त चष्मेवाल्या नायिकेच्या.

हसायचं असेल तर हसून घ्या. पण त्या काळच्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्यात त्यांना माझं म्हणणं पटेल. त्यांत नायिका दोन तऱ्हेच्या असत. एक बिनचष्म्याची. ती पहिल्या पानापासून सुंदर असे, सगळे तिच्याकडे बघत असत, त्यामुळे तिच्याकडे आपल्यासारख्याचं काही काम नसे. दुसरी चष्म्याची. ही बहुतेक प्रोफेसर किंवा डॉक्टर, जाड काळी फ्रेम, एक वेणी, हातात पुस्तकं. ती बोलायच्या आधी चष्मा वर सरकवून समोरच्याकडे नीट बघायची. मला तेच आवडायचं. मी दिसायला बेताचा, आवाज तेवढा बरा. वरवर बघणाऱ्या मुलीने मला पसंत करावं असं माझ्यात काही नव्हतं. कोणीतरी नीट बघून घेणारी हवी होती.

पण हे लेखक लोक शेवटी दगा द्यायचे. विसावं प्रकरण आलं की नायक पुढे होऊन तिचा चष्मा हळूच काढायचा आणि म्हणायचा, "किती सुंदर आहेत तुझे डोळे!" अरे बाबा, मग एकोणीस प्रकरणं काय बघत होतास? माझी नायिका तिथेच संपायची. चष्मा उतरला की ती मला परकी वाटायची आणि मी पुस्तक मिटून परत करायचो.

कवडूभाऊंना माझी आवड पाठ झाली होती. मी सायकल लावली की आतूनच ओरडायचे, "कृष्णकांत, तुह्या पसंतीची एक आली गा. काळी फ्रेम, प्रोफेसरीण."

"शेवटी चष्मा काढते का?"

"ते मले काय माहीत? कव्हरवर तं घालून आहे."

ती लायब्ररी आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. तरी अजून तिथून जाताना माझी स्कूटर हळू होते, आणि शटरच्या आत स्टूल दिसतं का म्हणून मी बघून घेतो.

मग माझ्यासाठी मुली बघणं सुरू झालं. आता गंमत अशी की त्या काळी मुलगी दाखवायची म्हटली की घरचे आधी तिचा चष्मा कपाटात ठेवायचे. चष्म्याची मुलगी म्हणजे स्थळ गेलंच म्हणून समजा. मी पाच मुली पाहिल्या. त्यातल्या दोघींच्या नाकावर वळ होते आणि एकीने मला सोडून माझ्यामागच्या खिडकीला नमस्कार केला. चष्मा उतरवून बसलेली मुलगी मला परकीच वाटायची, म्हणून मी घरी येऊन नाही म्हणायचो. आई विचारायची, "काहून नाही? काय वाईट आहे तिच्यात?" तिला काय सांगणार होतो?

सहावी मुलगी काटोलची. फेब्रुवारीचा महिना, अंगणात संत्र्यांचा ढीग, सगळ्या घराला सालीचा वास. मी, आई आणि मामा असे तिघे ओळीने बसलो होतो. मामांनी टोपी काढून शेजारी ठेवली होती. यजमानांनी संत्री सोलून हातात दिली. तेवढ्यात पडदा हलला आणि प्रेमिला पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा!

माझी फोड हातातच राहिली. लपवालपवी नाही, काही नाही, मुलगी सरळ चष्मा लावून पुढे आलेली. ती एकेक पाऊल जपून टाकत होती, पाय ठेवायच्या आधी जमीन चाचपल्यासारखी. पहिली बशी तिने मामांच्या टोपीत ठेवली. पाण्याचा पेला माझ्या आणि आईच्या मधल्या रिकाम्या जागेत धरला आणि कोणी घेईना म्हणून तसाच धरून उभी राहिली. काय ते भांबावणं! माझ्या सगळ्या कादंबऱ्या एकदम आठवल्या. पोहे खारट होते, पण मी पूर्ण बशी संपवली.

मामांनी टोपीतले पोहे झटकत विचारलं, "नंबर किती आहे वं पोरी?"

"लय आहे," ती म्हणाली. "दरसाली वाढते."

तिच्या वडिलांनी डोळे वटारले. तिला ते दिसलं नसावं.

"सैपाक येते का?" आईने विचारलं.

"दिसन तेवढा येते."

आईने मला चिमटा काढला. चिमट्याचा अर्थ उठ असा होता. पण मी कधी नव्हे तो तोंड उघडलं. म्हटलं, "पुढं शिकायचं आहे का?"

"डी.एड. करायचं आहे," ती पेल्याकडे बघत म्हणाली.

"शिकायचं असन तं शिकू द्या," मी तिच्या वडिलांना म्हणालो. "मले मुलगी पसंत आहे. चष्म्यासकट."

आतल्या खोलीत काहीतरी भांडं पडलं. मला वाटलं, आनंदाने पडलं असेल.

तर असं आमचं लग्न झालं. प्रेमिलाने डी.एड. केलं, अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलगी दिपाली मोठी होऊन पुण्याला गेली, मी रिटायर झालो आणि आम्ही नागपूरच्या कडेला बेशाला घर बांधून राहायला आलो. या तेहतीस वर्षांत माझा एक नेम कधी चुकला नाही. सकाळी उठलो की तिचा चष्मा घ्यायचा, काचेवर हाऽ करून वाफ सोडायची, रुमालाने पुसायचा आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचा. फ्रेमा बदलल्या, घरं बदलली, नेम तोच. चष्मा पुसून दिला की माझा दिवस सुरू व्हायचा.

तिच्या हुशारीचं तर मला फार कौतुक. चष्मा काढून ठेवलेला असतानाही ती सुईत दोरा एका दमात ओवायची. गच्चीवरून गल्लीच्या टोकाची रिक्षा कोणाची ते सांगायची. मी सगळ्यांना सांगायचो, एवढा नंबर असून बघा, नुसता अंदाज! पुढे चाळिशीनंतर मात्र तिला दोरा ओवता येईना. मी म्हटलं, आता अंदाजही थकला बिचारीचा.

आणि यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, घाबरू नका, साधं ऑपरेशन आहे, आणि नंतर ताईंना बहुधा चष्म्याची गरजच राहणार नाही. सगळ्यांना आनंद झाला. दिपालीने फोनवर टाळ्या वाजवल्या. मी तेवढा फोन प्रेमिलाकडे देऊन बाजूला झालो. विसावं प्रकरण तेहतीस वर्षांनी माझ्या घरात आलं होतं, आणि ते पुस्तक काही मिटून कवडूभाऊंना परत करता येणार नव्हतं! रात्रीचं जेवण जाईना. सकाळी उठून मी काय पुसायचं? चहाच्या कपाशेजारी काय ठेवायचं? हे कोणाला सांगायची सोय नव्हती. साठीच्या माणसाने बायकोच्या चष्म्यासाठी रडायचं म्हणजे लोक डोळ्यांच्या नाही, डोक्याच्या डॉक्टरकडे नेतात.

मग मला युक्ती सुचली. लग्नातला तिचा पहिला चष्मा मी लोखंडी पेटीत जपून ठेवला होता. तीच काळी फ्रेम, तीच डबी. त्यातल्या नंबरच्या काचा काढायच्या, साध्या काचा बसवायच्या आणि ऑपरेशननंतर तिला भेट द्यायचा. गरज नसली तरी सकाळी घटकाभर लावेल. माझ्या समाधानासाठी लावेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणी होती. तिथे दीक्षा नावाची मुलगी डोळे तपासायची. ती स्वतः चष्मेवाली. मी बघताक्षणी म्हणालो, "मायनस अडीच."

"मायनस पाऊण, काका," ती म्हणाली. मशीनमध्ये फरक असेल म्हणून मी सोडून दिलं.

दीक्षाने प्रेमिलाला समजावून सांगितलं की डोळ्यात बसवायचं भिंग दोन प्रकारचं असतं. एकाने जवळचं-दूरचं सगळं बिनचष्म्याचं दिसतं, दुसऱ्याने दूरचं दिसतं पण वाचायला चष्मा लागतो. "कोणतं टाकायचं, काकू?"

"ते मी आत डॉक्टरांलेच सांगते," प्रेमिला म्हणाली आणि आत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी पिशवीतून डबी काढली. "बेटा, एक काम होतं. याच्या नंबरच्या काचा काढून साध्या काचा टाकायच्या आहेत. कुठं होईल?"

तिने चष्मा एका यंत्राखाली धरला. एकदा पाहिलं. उलटा करून पुन्हा पाहिलं.

"काका, बदलायची गरजच नाही. या साध्याच काचा आहेत."

"साध्या म्हणजे?"

"नंबर नाही याच्यात. झिरो. खिडकीची काच असते ना, तशा."

मी खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने सगळं माझ्या लक्षात आलं. दरसाली नंबर वाढणारी ती पोरगी, लग्न ठरलेलं, खरेदीची घाई, आणि कोण्या दुकानदाराने तिच्या हातात साध्या काचांचा चष्मा देऊन तिला वाटेला लावलं! माझी बायको वर्षानुवर्षं चष्मा लावूनही आंधळ्यासारखी वावरली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मोतीबिंदू झाला तो यामुळेच. दीक्षा म्हणाली, "काका, मोतीबिंदू वयानं होते," पण ती लहान आहे, तिला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिला ऑपरेशनला आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर एकटा. हातात मोबाइल. माणसाने अशा वेळी मोबाइलला हात लावू नये. माझ्या सासरच्या मंडळींचा 'संत्रानगरी परिवार' म्हणून ग्रुप आहे, त्यात चौऱ्याहत्तर माणसं. मी डबीचा फोटो टाकला. आत सोनेरी अक्षरांत दुकानदाराचं नाव छापलेलं होतं, चंपतराव चष्मेवाले, महाल. खाली लिहिलं, "आपल्या प्रेमिलाची घोर फसवणूक. नंबरच्या जागी साध्या काचा. आज तिच्यावर शस्त्रक्रिया होत आहे. कृष्णकांत."

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. पहिल्या पाच मिनिटांत हात जोडलेली अकरा चित्रं आली. कोणीतरी शेवटची ओळच वाचून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं, ते मागाहून काढलं. कोणीतरी ग्राहक मंचाचा पत्ता टाकला. आणि माझा मेहुणा अंकुश, जो आमच्या लग्नात पंधरा वर्षांचा होता आणि आता काटोलला बागवान आहे, त्याने तीन शब्द लिहिले, "मी निघून राहिलो."

प्रेमिलाच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. घरी आणली, काळा गॉगल लावून झोपवली. शेजारच्या मेघाताई तिच्याजवळ बसल्या. संध्याकाळी दारात जीप थांबली. अंकुश, त्याचे दोन दोस्त आणि संत्र्यांची पेटी. पेटी बहिणीला, दोस्त चंपतरावला. बहिणीने विचारलं, "हे दोघं कोण गा?" तर म्हणाला, "तुले पाहाले आले." त्या दोघांनी प्रेमिलाला नमस्कार केला आणि जागा नसल्यामुळे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मोबाइल तिने हातात घ्यायचा नव्हता, त्यामुळे ग्रुपवर काय पेटलंय ते तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे नागपूरच्या जुन्या महाल भागात. बोळ एवढी अरुंद की जीप अर्ध्यातच अडकली आणि मागे एक भाजीची गाडी, दोन स्कूटर आणि एक लग्नाचा बँडवाला ढोल घेऊन उभा. दुकान मात्र अजून होतं. काउंटरमागे ऐंशीच्या घरातले एक म्हातारे गृहस्थ फ्रेमचा स्क्रू पिळत बसले होते.

"चंपतराव तुमीच का?" अंकुशने बाह्या वर केल्या.

"मीच. बसा. कोणाचा नंबर काढायचा?"

"तुमचाच काढायले आलो."

मी पुढे झालो. डबी काउंटरवर ठेवली. आवाज जितका भारी करता येईल तितका करून म्हणालो, "हा चष्मा तुमच्या दुकानातला आहे?"

त्यांनी डबी उघडली. चष्मा उजेडाकडे धरला. काचेतून पार बघितलं आणि हसले. "हा मले आठवते."

"काचा साध्या आहेत याच्या."

"हो. मीच टाकल्या."

"ऐकलं?" मी वळून म्हणालो. "कबूल करून राहिले!"

अंकुशचे दोस्त एक पाऊल पुढे आले. बँडवालाही ढोल खाली ठेवून दारात आला. चंपतराव शांतपणे म्हणाले, "घरी बाईलेच विचारा नं. मी सांगणं बरं नाई." यावर मी आणखीच भडकलो. आजारी बाईला विचारा म्हणतो!

तेवढ्यात अंकुशचा मोबाइल वाजला. ग्रुपवर यमुताईंचा आवाजातला निरोप आला होता. यमुताई म्हणजे प्रेमिलाची मोठी चुलत बहीण. आता पंचाहत्तरीच्या. त्या काटोलच्या घरात त्यांच्या शब्दाला सगळे दबून.

"आता पाहा, यमुताई कशी झाडते तुमाले," अंकुश म्हणाला आणि त्याने फोनचा आवाज पूर्ण वाढवला.

"अंकुश, कृष्णकांतराव, मी यमुताई बोलून राहिली. काय तमाशा लावला गा तुमी? त्या दुकानदाराले काहून त्रास देता? प्रेमिलेच्या डोळ्याले तवा काईच झालं नव्हतं. तिले लग्न करायचं नव्हतं, शिकायचं होतं. म्हणून पाह्याच्या दिवशी तिनं माझा चष्मा लावला. तिले वाटलं, पोट्टा चष्मा पाहीन अन् नाई म्हणून जाईन. आधीचे दोन तसेच गेले होते. तं हे महाराज चष्म्यासकट पसंत म्हणून बसले! मी आत उभी होती, माझ्या हातचं पोह्याचं गंज खाली पडलं. माझा चष्मा तिच्या डोळ्यावर, मले काई दिसेना, पोह्यात मीठ दोनदा पडलं. मंग लग्नाच्या साड्या घ्याले नागपूरले आलो तवा तिनं तस्साच काळा चष्मा साध्या काचेचा करून घेतला, मीच होती सोबत. माझा मले वापस पाहिजे होता ना. आता त्या भल्या माणसाची माफी मागा अन् घरी जा. अन् प्रेमिलेले विचारा, गॉगल कसा दिसते."

 बँडवाल्याने ढोल उचलला आणि बाहेर गेला.

चंपतरावांनी चष्मा कापडाने पुसून डबीत ठेवला. "साठ वर्षं झाले मले या धंद्यात," ते म्हणाले. "लग्नाच्या पोरी येत, रडत, म्हणत, काका, चष्मा दिसणार नाई असं काई करा. नंबर नसून चष्मा पाहिजे म्हणणारी ही एकच आली. मी विचारलं, काहून वं? तं म्हणे, त्यायले आवडते."

मी त्यांची माफी मागितली. अंकुशने जीपमधून संत्री आणून काउंटरवर ठेवली आणि त्याचे दोस्त, आलोच आहोत तर म्हणून, डोळे तपासून घ्यायला बसले. एकाला खरंच नंबर निघाला.

घरी आलो तेव्हा प्रेमिला गॉगल लावून खिडकीशी बसली होती. मेघाताईंनी तिला ग्रुप वाचून दाखवला होता आणि यमुताईंचा निरोप ऐकवला होता. मला बघून मेघाताई घाईने उठल्या आणि निघून गेल्या. मी समोर बसलो. 

"साऱ्या काटोलनं ऐकलं," ती म्हणाली.

"तुला मी नको होतो," मी म्हणालो. म्हणताना आवाज बारीक झाला, खोटं कशाला सांगू.

"मले कोणीच नको होतं. डी.एड. पाहिजे होतं. मले काय माहीत, हा माणूस कादंबऱ्या वाचून येऊन राहिला म्हणून."

"आणि मी दिसलो कसा तुला त्या दिवशी?"

"दिसले कुठं? यमुताईचा जाड भिंगाचा चष्मा तो. मले नुसतं धुकं दिसून राहिलं होतं. टोपी म्हणजे मले पाट वाटला."

माझी सगळी कमाई म्हणजे तो एक क्षण होता. एका मुलीने चष्म्यातून मला नीट बघून घेतलं आणि पसंत केलं, एवढ्यावर मी तेहतीस वर्षं ऐटीत काढली होती. आणि तिने मला बघितलंच नव्हतं.

"मग हो का म्हणालीस?"

"आवाज आला नं. शिकायचं असन तं शिकू द्या. तसं कोणीच म्हटलं नव्हतं मले, बाबांनीही नाई. मी म्हटलं, दिसाले कसाही असो, या आवाजाच्या घरी जाईन. फक्त तो आवाज तुमचा होता का मामाजींचा, हे मले लग्नात अंतरपाट खाली गेला अन् तुमी बोलले तवा समजलं."

मी हसलो. मग हसता हसता मला चष्मा नसूनही समोरचं धूसर दिसू लागलं. विचारलं, "पण नंतर तरी सांगायचं. इतकी वर्षं साधी काच लावून फिरलीस? चाळिशीत खरा नंबर लागला तेव्हाही बोलली नाहीस."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगणारच होती. उठली तं तुमी तो चष्मा पुसून चहाच्या कपाजवळ ठेवला होता. मी म्हटलं, आज नको, उद्या सांगीन. उद्या पुन्हा पुसून ठेवला." तिने नाकावरचा गॉगल सारखा केला. "घरातलं तेवढं एकच काम तुमी आपल्या मनानं करता. ते कसं बंद करू?"

"आता बंदच होणार," मी म्हणालो. "दुसऱ्या डोळ्याचं झालं की चष्मा सुटला."

"नाई सुटत. मी डॉक्टरांले सांगितलं, वाचाले चष्मा लागन असंच भिंग टाका. ते म्हणे, ताई, लोकं चष्मा काढाले येतात अन् तुमी ठेवाले आल्या."

खरं सांगतो, त्या क्षणी मी जगातल्या सगळ्या लेखकांना माफ केलं. विसावं प्रकरण असंही लिहिता येतं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तिने तो घेऊ दिला.

"आता सगळं निघालंच आहे तं अजून एक सांगू का?" ती म्हणाली.

"सांग. आज काहीही सांग."

"तेहतीस वर्षांत तो चष्मा एक दिवस साफ पुसलेला नव्हता. तुमचा रुमाल तेलकट. तुमी आंघोळीले गेले का मी रोज परत धूत होती."

दीड महिन्याने दुसऱ्या डोळ्याचंही झालं आणि मागच्या सोमवारी तिचा वाचायचा नवा चष्मा आला. काळी फ्रेम, चंपतरावांच्या दुकानातली. आता मी रुमाल वापरत नाही. साबणाच्या पाण्याने धुतो, मऊ कापडाने टिपतो, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघतो आणि मगच कपाशेजारी ठेवतो. मी आंघोळीला गेलो की स्वयंपाकघरातला नळ सुरू झाल्याचा आवाज येतो. चहासाठी पाणी घेत असेल, असं मी धरून चालतो.